लायब्ररीतलं इन्फॉर्मेशन लिटरसी वर्कशॉप कसं आहे
चर्चगेटजवळच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत एमएच्या पोरांसाठी हे, माहिती शोधायची, पारखायची आणि वापरायची कशी ते शिकवणारं वर्कशॉप असतं, मी केलं आणि खरंच आवडलं. नुसता कॅटलॉग दाखवून मोकळे होत नाहीत, एसीआरएल या अमेरिकेतल्या कॉलेज लायब्ररींच्या संघटनेचं 2016 ला स्वीकारलेलं फ्रेमवर्क धरून शिकवतात. आधीच्या 2000 च्या स्टँडर्ड्समध्ये काय काय जमलं पाहिजे याची यादी होती, यात 6 मूळ कल्पना आहेत, आणि कोणाचा शब्द कुठे चालतो हे संदर्भावर ठरतं ही कल्पना मॅडमनी काय भारी समजावली! विषय कोळीवाड्यांचा, समोर शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन साठ्यावरचा एक थिसिस, पेपरातली बातमी आणि एका कोळी मावशींची मुलाखत, आणि प्रश्न असा की मासळीबद्दल कोणाचं ऐकाल आणि कशासाठी? सगळे आधी थिसिसच म्हणाले, मग बाजारात कुठली मासळी यायची बंद झाली ते मावशींनाच पक्कं माहितीये हे लक्षात आलं आणि जी चर्चा रंगली ना!

तक्रार एकच, सगळं एकाच दुपारी कोंबतात, सर्चिंगचा भाग तर पळतपळत उरकला, आणि पोरांना खरी गरज तिथेच असते हो, कीवर्ड बदलून बदलून शोधायची सवय हाताने केल्याशिवाय लागत नाही. दोन भागांत घ्या प्लीज. आणि पोरांनो, पहिल्या वर्षालाच करून टाका, डेझर्टेशनच्या तोंडावर नको.