स्ट्रोकनंतरच्या कुत्रीसाठी दोन मुठींचा हार्नेस: पावसाळ्यापासून वापरतोय, त्याबद्दल

खोक्यावर चित्र आहे ते मागचे पाय लटपटणाऱ्या म्हाताऱ्या जर्मन शेफर्डचं. बाजारातले बहुतेक उचलायचे हार्नेस अशाच कुत्र्यांसाठी बनतात: संधिवात, खुब्याचा त्रास, ऑपरेशननंतरचे दिवस. आमच्या राणीचे मागचे पाय ठणठणीत आहेत. गेलाय तो तोल. स्ट्रोक झालेल्या कुत्र्यासाठी हार्नेस बघत असाल तर हा फरक आधी लक्षात घ्या, कारण दुकानदार आणि विक्रीची पानं दोघंही तुम्हाला मागच्या पट्ट्याचं कौतुक सांगत राहतील. आम्हाला उपयोग झाला तो पुढच्या भागाचा, छातीवर बसणाऱ्या, पाठीवर मूठ असलेल्या.

राणी लॅब्रॅडॉर आहे, अकरा वर्षांची, एकतीस किलो. आम्ही ठाण्यात जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जुलैत एका सकाळी ती उठली आणि डावीकडे कोसळली. पुन्हा उठली, पुन्हा डावीकडेच. मान डावीकडे कललेली, डोळ्यांची बुबुळं लकलक वर-खाली हलतायत, तोंडातून लाळ, मग उलटी. कामाला येणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "ताई, हिला लकवा मारला बघा. माझ्या सासऱ्यांना अस्साच आला होता." सासऱ्यांचं तोंड वाकडं झालं होतं, हात लुळा पडला होता. राणीचं यातलं काहीच झालं नव्हतं, तरी मावशींचं निदान एमआरआयने खरं ठरवलं.

माणसाच्या स्ट्रोकची खूण म्हणून आपण जे पाठ केलेलं असतं, ओठ ओघळला का, हात वर जातो का, बोलणं अडखळतं का, ते कुत्र्याला लावायला गेलं तर फसायला होतं. कुत्र्याचं चालणं माणसाइतकं मोठ्या मेंदूवर अवलंबून नसतं. त्यामुळे एक बाजू कायमची लुळी पडलीय असं चित्र क्वचित दिसतं, आणि पुढच्या मेंदूत स्ट्रोक झाला तरी चाल पुष्कळदा काही दिवसांत सुधारते. दिसतं ते वेगळंच. कुत्रा एकाच दिशेने गोल गोल फिरतो, एका बाजूच्या दाराच्या चौकटीला धडकतो, वाडग्यातलं एकाच बाजूचं खाऊन उरलेलं जणू दिसतच नाही असा निघून जातो, कोपऱ्यात डोकं लावून उभा राहतो, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आकडी येते. छोट्या मेंदूत झाला, जसा राणीला, तर तोल जातो, मान कलते, पावलं वाजवीपेक्षा उंच उचलून धपकन टाकली जातात.

या सगळ्याला जोडणारा धागा म्हणजे अचानकपणा. रात्री झोपताना धडधाकट आणि सकाळी असं. पहिला दिवस, फार तर दोन-तीन दिवस, मेंदूला सूज असेपर्यंत थोडं वाढू शकतं. नंतर वाढायचं थांबतं. आठवडेच्या आठवडे हळूहळू बिघडत जाणारं दुखणं बहुधा दुसरं काहीतरी असतं.

आता गंमत अशी (तेव्हा अर्थातच गंमत वाटली नव्हती) की म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये जवळपास हुबेहूब असं दिसणारा दुसरा आजार आहे, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा. त्याचं कारण सहसा सापडत नाही. दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री बरी होतात, मान किंचित वाकडी राहिली तर राहते. नातेवाइकांच्या ग्रुपवर "आमच्या टायसनलाही स्ट्रोक झाला होता, औषधाशिवाय बरा झाला" असं कोणी लिहिलं की मला आता हीच शंका येते. उलटही होतं: मान वाकडी बघून लोक घरीच ठरवतात की आता संपलं, आणि बऱ्या होणाऱ्या कुत्र्याला इंजेक्शनने कायमचं झोपवण्याची चौकशी करतात.

आमच्या डॉक्टरांनी टेबलावर एक साधी गोष्ट केली. राणीचा एकेक पंजा उलटा करून, वरची बाजू जमिनीला टेकेल असा ठेवला. डावे दोन्ही तिने लगेच सरळ केले. उजवे तसेच दुमडलेले राहिले, तिला पत्ताच नाही. कानाच्या आजारात पंजे लगेच सरळ होतात. मेंदूचा प्रश्न असेल तर असं होऊ शकतं. डोळे आडवे न हलता उभे हलत होते, तीही मेंदूकडे बोट दाखवणारी खूण. आणि मान डावीकडे असली तरी बिघाड उजवीकडे असावा, असं ते तिथेच म्हणाले. छोट्या मेंदूच्या दुखण्यात कधी कधी मान अशी उलट्या बाजूला कलते. एमआरआयमध्ये छोट्या मेंदूच्या उजव्या भागातच रक्तपुरवठा तुटलेला दिसला. एमआरआय मुंबईत झाला. पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून आधी रक्त, लघवी, हृदय हे सगळं तपासून घेतलं.

त्या तपासण्यांतच कारण हाती लागलं. रक्तदाब १९०. कुत्र्यात १६० च्या वर सातत्याने असेल तर तो वाढलेला मानतात, १८० च्या वर धोक्याचा. मूत्रपिंडं थकलेली होती. कुत्र्यांच्या स्ट्रोकमागे मूत्रपिंडाचा जुनाट आजार, वाढलेला रक्तदाब, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार), थायरॉइड, हृदयाचा आजार यांपैकी काही ना काही बऱ्याचदा निघतं, आणि बऱ्याचदा काहीच निघत नाही. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारात घ्यावीच लागते: गोचीडताप. त्यात प्लेटलेट इतके उतरू शकतात की मेंदूत रक्तस्राव होतो. राणीचा गोचीडतापाचा अहवाल नकारात्मक आला.

स्ट्रोक मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालाय की रक्तस्रावाने, हे बाहेरून कळत नाही, याचसाठी घरातली ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती आणखी घात करेल. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्याही नकोत, कुत्र्यांना त्या विषारी ठरू शकतात. तोल गेलेल्याला तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. आम्ही काय केलं ते सांगते: किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवलं, मोबाइलवर डोळ्यांचा आणि चालण्याचा व्हिडिओ घेतला (दवाखान्यात पोचेपर्यंत डोळ्यांची हालचाल कमी झाली होती, व्हिडिओच कामाला आला), आणि जाड चादरीची झोळी करून दोघांनी खाली उतरवलं. आकडी पाच मिनिटांपेक्षा लांबली, लागोपाठ आली, शुद्ध हरपली किंवा हिरड्या पांढऱ्या-निळ्या पडल्या तर सकाळची वाट बघण्यात अर्थ नाही. आकडीत तोंडात हात घालायचा नाही, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं.

साडेचार तासांच्या आत अमुक इंजेक्शन दिलं की गुठळी विरघळते, अशी माणसांसारखी सोय कुत्र्यांत सहसा नसते. उपचार म्हणजे आधार: उलटी थांबवणं, सलाइन, रक्तदाबाची गोळी, आणि कारणावर औषध. बाकीचं काम शुश्रूषेचं. तिथे हा हार्नेस आला.

पहिल्या आठवड्यात मात्र त्याला हातही लावला नाही. ती बहुतेक वेळ आडवी होती. दर काही तासांनी कूस बदलायची, नाहीतर कोपरांवर आणि खुब्यांवर जखमा होतात. ओली चादर लगेच बदलायची. खायला देताना छातीवर उशीचा टेकू देऊन डोकं वर धरायचं. तेव्हा खरं काम केलं ते हॉलभर अंथरलेल्या योगा मॅटनी. गुळगुळीत टाइल्सवर निरोगी म्हातारा कुत्राही घसरतो. मॅट एकमेकींना मागून पॅकिंगच्या चिकटपट्टीने जोडल्या की दुमडत नाहीत. रबरी तळाचे मोजे घेतले होते, ते वाया गेले. पंजा जमिनीला टेकलाय की नाही हेच तिला कळत नव्हतं, त्यावर मोजा चढवल्यावर ती आणखी गोंधळली.

ती उभी राहायला लागली तेव्हा हार्नेस चढवला. दोन्ही भाग जोडलेले, दोन मुठी. पहिल्याच फेरीत लक्षात आलं की मागची मूठ धरली की ती मागून वर उचलली जाते आणि पुढून डावीकडे तोंडघशी पडते. पुढची मूठ धरून तिच्या डाव्या बाजूला, म्हणजे ती पडते त्या बाजूला, माझी मांडी लावून चाललं की ती पडत नाही. एवढीच युक्ती, पण मराठी-इंग्रजी कुठल्याच सूचनापत्रात ती नव्हती. डॉक्टरांचं सांगणं असं की उचलायचं नाही, मूठ सैल धरायची आणि पडायला लागली की घट्ट. चारही पंजांवर तिचं स्वतःचं वजन पडलं पाहिजे, मेंदू त्यातूनच पुन्हा शिकतो. सायकल शिकवताना मागून सीट धरतात ना, तसं.

जिन्यावर दोघं लागतात. उतरताना एकजण पुढची मूठ धरून तिच्या डावीकडे, दुसरा एक पायरी खाली, छातीसमोर हात ठेवून. फक्त इथेच मागची मूठ थोडी कामाची. आमच्या सासऱ्यांनी, वय पंचाहत्तर, पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाले, "हे मला पण एक आणा."

आता तक्रारी. साडेतीन हजारांच्या वस्तूला वेल्क्रो इतका फुसका नसावा. लॅबचे केस महिनाभरात त्यात असे गुंतले की पकड गेली. जुन्या टूथब्रशने साफ करत राहावं लागतं. पावसाळ्यात आतलं स्पंजासारखं अस्तर दोन दिवस वाळत नाही आणि ओलं चढवलं तर काखेत पुरळ येतं. आम्ही मधे जुन्या सुती टी-शर्टची पट्टी घालायला लागलो. काखेतला पट्टा तसाही घासतो, म्हणून चालून झालं की काढायचा. दिवसभर अंगावर ठेवण्यासारखी ही वस्तू नाही. मागचा भाग कुत्रीच्या लघवीने हमखास भिजतो. आणि मापाच्या तक्त्यातल्या वजनावर जाऊ नका. कोपरांच्या मागून छातीचा घेर टेपने मोजा. वजनाप्रमाणे आम्हाला मोठं माप सांगितलं होतं, घेराप्रमाणे मधलं बसलं.

चांगलं काय, तर मुठीची शिवण. रोजच्या वापरात, जिन्यावर, एकदा तर ती पूर्ण लटकली असतानाही धागा उसवला नाही. बकल प्लॅस्टिकची असली तरी टिकलीत. मूठ लांब करता येते, त्यामुळे मला आणि माझ्याहून बऱ्याच उंच नवऱ्याला दोघांनाही न वाकता धरता येते. कमरेच्या दुखण्यावर डॉक्टरकडे जाणं टळलं ते त्यामुळेच. गळ्यातला पट्टा आम्ही बंदच केला. मान कललेल्या कुत्र्याला गळ्याने ओढणं बरोबर नाही.

चाकांच्या गाडीबद्दल बरेच जण विचारतात. मागे दोन चाकं असलेली गाडी मागचे पाय गेलेल्यांसाठी आहे. तोल गेलेल्या कुत्र्याला ती लावली तर तो गाडीसकट कलंडेल. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनीही हेच सांगितलं, आणि त्याऐवजी कुशनवर उभं करून हलके धक्के देण्याचा व्यायाम शिकवला. तो अजून चालू आहे.

राणी सप्टेंबरात घरात आपली आपण चालायला लागली, दिवाळीत जिना चढायला. मान किंचित कललेलीच आहे, वळताना वेग घेतला की डावीकडे झोकांडी जाते. रक्तदाब आता १५० च्या आसपास असतो, गोळी रोज, तपासणी ठरलेल्या तारखेला. तपासायच्या आधी तिला दहा मिनिटं शांत बसू देतात, नाहीतर दवाखान्याच्या धसक्यानेच आकडा चढतो. मूत्रपिंडं बरी होणारी नाहीत, त्यामुळे पुन्हा स्ट्रोक होण्याची शक्यता आहेच, ते डॉक्टरांनी लपवलं नाही.

संधिवाताच्या कुत्र्यासाठी हवा असेल तर पूर्ण संच घ्या, तो त्यासाठीच आहे. लहान कुत्र्याला, आठ-दहा किलोच्या आतल्या, याची गरज नाही. चांगला छातीचा हार्नेस आणि तुमचा हात पुरतो. कानाचा आजार निघाला तर दोन आठवडे थांबा, बहुधा पैसे वाचतील. आमच्या हार्नेसचा वेल्क्रो आता संपत आलाय, तेव्हा दुसरा मागवतेय. पण फक्त पुढचा भाग. तो सुटा मिळतो आणि जवळपास अर्ध्या किमतीत पडतो.