बडोद्यातल्या फतेहगंजचं मुलींचं पीजी: जेवणाला पाच स्टार, गेटला एक

दीड वर्ष झालं राहतेय, त्यामुळे हा पहिल्या आठवड्याच्या उत्साहातला रिव्ह्यू नाहीये. नाव लिहीत नाही कारण अजून तिथेच आहे आणि डिपॉझिट पीजी चालवणाऱ्या काकूंकडे आहे.

आधी चांगलं सांगते. डबल शेअरिंग, जेवणासकट साडेसात हजार. काकू बडोद्याच्याच, जुनं मराठी घर, त्यामुळे बुधवारी दाळढोकळी आणि गुरुवारी पिठलं-भाकरी. मी नंदुरबारची, पहिल्या गुरुवारी ते पिठलं बघून डोळ्यात पाणीच आलं होतं खरं सांगू तर. खोल्या स्वच्छ, गीझर सकाळी सहा ते आठ, वायफाय नावापुरतं.

आता गेट. रात्री बंद व्हायची वेळ साडेआठ म्हणजे साडेआठ. दोन गल्ल्या सोडून काकूंच्या दिरांचं मुलांचं पीजी आहे, तिथे अकरा, आणि अकरानंतर आलात तरी फोन केला की कोणीतरी डोळे चोळत येऊन उघडतं. भाडं आमच्यापेक्षा सातशेने कमी. विचारलं तर काकू म्हणाल्या मुलींकडे कॅमेरे लागतात, वॉचमन लागतो. म्हणजे कोंडून घ्यायचा खर्चही आमच्याच खिशातून!

बाहेर जाताना रजिस्टरमध्ये वेळ, ठिकाण, कारण लिहायचं. एकदा मी कारणात 'असंच' लिहिलं, कमाटीबागेत नुसती चक्कर मारायला चालले होते. काकूंनी लाल पेनने ते खोडून 'झेरॉक्स' लिहिलं. महिनाअखेरीला पानाचा फोटो बाबांना व्हॉट्सअॅपवर जातो, तर बाबांचा मला मेसेज, एवढ्या कसल्या झेरॉक्स काढतेस गं?

मागच्या जूनमध्ये सुरतेहून येताना ट्रेन लेट झाली, नऊ दहाला गेटवर पोचले. वॉचमन म्हणे ऑर्डर नाही, काकू फोन उचलेनात, पस्तीस मिनिटं बॅग घेऊन रस्त्यावर उभी. सेफ्टीसाठी.

आणि मग येते नवरात्र. बडोद्याची नवरात्र ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको, गरबा संपून पोरी चणियाचोळीत नाश्ता करून रात्री एक-दीडला घरी येतात आणि रस्ते भरलेले असतात. त्या नऊ रात्री आमचं गेट दीडपर्यंत उघडं, काकू स्वतः ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, कोणाचा घागरा छान विचारतात. दसरा झाला की परत साडेआठ. तेच शहर, तोच रस्ता, त्याच आम्ही. तर मग धोका नक्की कशाचा होता? मला वाटतं रस्त्याचा नव्हताच, मुलगी 'असंच' बाहेर जाते याचा होता. गरब्याला कारण आहे, देवीचं आहे, सगळं गाव सोबत आहे, रजिस्टरमध्ये लिहिता येतं.

काकूंवर चिडून उपयोग नाही हे मला उशिरा कळलं. एकदा भांडायला गेले तर म्हणाल्या, "तुझ्या बाबांना शब्द दिलाय मी." आणि खरंच, बाबा खोली बघायला आले तेव्हा पंख्याआधी गेटची वेळ विचारली होती! म्हणजे राहते मी पण गिऱ्हाईक बाबा. उद्या काकूंनी दहा केले तर निम्म्या खोल्या रिकाम्या होतील, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मी सोशिऑलॉजीला आहे, तर डेनिझ कांडियोटी या अभ्यासक बाईंनी १९८८ मध्ये याला पितृसत्तेशी सौदा म्हटलंय, म्हणजे बाई त्याच चौकटीत राहून आपली जागा आणि थोडी सत्ता कमावते, आणि मग चौकट सांभाळायचं कामही तिच्याकडेच येतं. लेक्चरला मी हे नुसतं लिहून घेतलं होतं, कळलं ते लाल पेन बघून.

कॉलेज-युनिव्हर्सिट्यांवर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसीच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत स्पष्ट आहे की मुलींच्या सुरक्षिततेचं कारण देऊन होस्टेलमध्ये त्यांना मुलांपेक्षा वेगळे नियम लावायचे नाहीत. पण ते कॉलेज-युनिव्हर्सिटीसाठी, खाजगी पीजीच्या काकूंना कोण विचारतंय. आणि आमची युनिव्हर्सिटी कोणती, तर बडोद्याची एम. एस., जिच्या पहिल्या कुलगुरू १९४९ मध्ये हंसाबेन मेहता झाल्या, ज्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 'सर्व पुरुष' बदलून 'सर्व माणसं' करायला लावलं. त्यांच्याच नावाच्या लायब्ररीत बसलेली मी आठ वाजले की चप्पल शोधायला लागते.

तर घ्यायचं का हे पीजी? जेवणासाठी आणि स्वच्छतेसाठी हो. संध्याकाळचा जॉब किंवा इंटर्नशिप असेल तर अजिबात नको, माझी एक त्यातच गेली. आणि बघायला येताना बाबांना सोबत आणत असाल तर गेटचा प्रश्न आधी तुम्ही विचारा, त्यांच्या समोर.

एकूण तीन स्टार. मे महिन्यात सोडतेय, डिपॉझिट पूर्ण परत मिळालं तर एडिट करून साडेतीन करीन.