ताऱ्यांचा तक्ता की शाबासकीची चिठ्ठी?

प्राथमिकचा वर्ग पहिल्यांदाच हातात आलेले शिक्षक वर्षाच्या सुरुवातीला एक प्रश्न हमखास विचारतात. मुलांनी काही चांगलं केलं तर त्याची दखल कशी घ्यायची? भिंतीवर नावांचा तक्ता लावून तारे द्यायचे, की आणखी काही करायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. चार वर्षं तक्ता होता, त्यानंतर पाच वर्षं चिठ्ठ्या चालू आहेत. त्यामुळे माझं मत अगदीच कोरं नाही, हे आधी सांगून टाकतो. पण तक्त्याला मी वाईटही म्हणणार नाही. त्यानं मला नोकरीच्या पहिल्या वर्षी तारलं होतं.

तक्ता कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. चिठ्ठीबद्दल थोडं सांगावं लागेल. तळहाताएवढा कागद. त्यावर त्या दिवशी त्या मुलानं नेमकं काय केलं याची एक ओळ, खाली तारीख आणि माझी सही. दप्तरं भरायची गडबड चालू असताना ती गुपचूप हातात द्यायची. वर्गासमोर वाचायची नाही, टाळ्या नाहीत. रोज दोनच.

आधी तक्त्याची बाजू. त्याचा गुण लगेच येतो, हे मान्यच करायला हवं. सोमवारी तक्ता लावला की बुधवारी वर्गात फरक जाणवतो. रांग पटकन होते, वह्या वेळेवर गोळा होतात, ‘पुस्तक उघडा’ तीनदा म्हणावं लागत नाही. तारा चिकटवायला तीन सेकंद पुरतात. तुम्ही रजेवर असलात तरी बदलीवर आलेल्या शिक्षकांना काही समजावून सांगावं लागत नाही, भिंतच सगळं सांगते. शिवाय पहिलीतल्या ज्या मुलांना अजून वाचता येत नाही त्यांनाही तारा कळतो. चिठ्ठीचं तसं नाही.

मग सोडला का? खरं कारण सांगायला जरा संकोच वाटतो, इतकं ते फुटकळ आहे. तारे गळतात.

रोज सकाळी वर्गात आलो की तक्त्याखाली दोन-तीन तारे पडलेले असायचे. खडूची भुकटी, पंखा, भिंतीची ओल, जाता-येता घासणारी दप्तरं, कशाकशाला दोष द्यायचा? पडलेला तारा कुणाचा हे ताऱ्यावर लिहिलेलं नसतं. हजेरी व्हायच्या आतच पहिली तक्रार यायची, ‘‘सर, माझे अकरा होते, आता दहाच आहेत.’’ आपण म्हणतो बरं, घे एक. की लगेच मागच्या बाकावरून, ‘‘सर, तिचे दहाच होते, मी काल मोजले होते.’’ आणि त्यानं खरंच मोजलेले असायचे. स्वतःचे नाहीत, तिचे!

मी डिंक बदलला, वरून चिकटपट्टी लावली. काही दिवस बरे गेले. मग एकदा मधल्या सुट्टीनंतर एक मुलगा चार तारे मुठीत घेऊन आला. जमिनीवर सापडले होते. प्रामाणिकपणे परत द्यायला आला बिचारा. चार ताऱ्यांवर सहा जणांनी हक्क सांगितला आणि त्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांत मी न्यायनिवाडा करत बसलो.

ती शेवटची दहा मिनिटं गोष्टीची होती, हे इथे महत्त्वाचं. घंटा होण्याआधी मी रोज एक लांबलेली गोष्ट तुकड्यातुकड्यांनी वाचून दाखवतो. माझ्या मते प्राथमिकच्या वर्गात याहून मोलाची दहा मिनिटं नसतात. त्या आठवड्यात गोष्टीतला कोल्हा विहिरीत पडला आणि तीन दिवस विहिरीतच राहिला. रोज शेवटी ताऱ्यांचा हिशेब निघायचा आणि घंटा व्हायची. चौथ्या दिवशी मी पुस्तक उघडलं तेव्हा लक्षात आलं, तीन दिवसांत एकाही मुलानं कोल्ह्याचं पुढे काय झालं हे विचारलं नव्हतं. ताऱ्यांबद्दल मात्र रोज आठ-दहा जण विचारत होते. त्या शुक्रवारी मी तक्ता उतरवला.

तुम्ही म्हणाल, हा दोष डिंकाचा, पद्धतीला कशाला नावं ठेवता? काही अंशी खरं आहे. पण गळणारा तारा हे निमित्त. तो गळो न गळो, मुलं तो मोजणारच. आणि मोजायला लागली की शेजाऱ्याचेही मोजणार. चिठ्ठी दप्तरात जाते. ती मोजायची म्हटली तर मोजता येते, पण ‘चार’ आणि ‘पाच’ यांत भांडण लागत नाही, कारण प्रत्येकीवर वेगळं काही लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट मला तक्ता काढल्यावर उमगली. फळा पुसणं, वह्या वाटणं, कुंड्यांना पाणी घालणं, खिडक्या लावणं ही कामं मुलं मुळात आनंदानं करतात. डस्टर कुणाच्या हातात जाणार यावर भांडतात! मी उत्साहाच्या भरात या कामांनाही तारे लावले. मग एकदा ताऱ्यांचं पाकीट संपलं. नवं येईपर्यंत चार दिवस गेले, आणि फळा मलाच पुसावा लागला. एकजण तर सरळ म्हणाला, ‘‘सर, तारे आल्यावर पुसतो.’’

हे माझ्याच वर्गाचं वैशिष्ट्य नव्हे, हे पुढे वाचनात आलं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली बालवाडीतल्या 51 मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सगळी मुलं मार्करनं चित्रं काढायला आवडणारी. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चिन्ह आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना आधी काहीच न सांगता शेवटी तेच प्रमाणपत्र दिलं. बाकीच्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मार्कर पुन्हा वर्गात ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं त्यांत इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रमली. अवचित प्रमाणपत्र मिळालेल्यांचा रस मात्र कमी झालेला दिसला नाही.

मला यातला शेवटचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. घोळ बक्षिसात नाही, आधी ठरलेल्या सौद्यात आहे. तक्ता म्हटला की सौदा आलाच, कारण तो दिवसभर डोळ्यांसमोर असतो. चिठ्ठी कुणाला मिळणार हे सकाळी मलाही माहीत नसतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं वाटेल. 1994 साली ज्युडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पिअर्स यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला आणि बक्षिसांबद्दलची ही भीती अवाजवी आहे असं मांडलं. त्यावर 1999 मध्ये एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी 128 प्रयोग तपासून उलट निष्कर्ष काढला, की आधी कबूल केलेली वस्तुरूप बक्षिसं मूळची आवड कमी करतात. जाणकारांचंच एकमत नसताना मी छातीठोकपणे काय सांगणार? शिवाय, जे काम मुलांना मुळातच आवडत नाही तिथे मारायला आवडच नसते, त्यामुळे तारा फारसं नुकसान करत नसावा. पाढे पाठ करायला मी अजूनही अधूनमधून काही ना काही आमिष दाखवतो.

आता चिठ्ठीचे दोष. पहिला म्हणजे ती लिहावी लागते, आणि लिहिण्यासाठी दिवसभर बघावं लागतं. तारा पाठ न वळवता देता येतो. चिठ्ठीवर ‘छान’ एवढंच लिहून भागत नाही. भागवलंत तर आठवड्याभरात मुलं ती डब्याखाली ठेवायला लागतात. सुरुवातीला मला दिवसाकाठी दोन ओळी सुचायला जड गेलं होतं. मग ध्यानात आलं की दिवसभर मी फक्त चुकाच टिपत असतो. ‘वही राहिली’, ‘बोलत होता’, ‘ढकललं’ हे सगळं लक्षात, आणि जिनं नवीन मुलीला आपल्या बाकावर सरकून जागा दिली ती लक्षात नाही. चिठ्ठीमुळे बघायची सवय बदलली. हे मोजून दाखवता येणार नाही, माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल.

काय लिहावं यातही एक खाच आहे. ‘तू हुशार आहेस’ असं मी लिहीत नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सुटल्यावर काहींच्या हुशारीचं कौतुक केलं, काहींच्या मेहनतीचं. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली. हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर खचली, आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना ते फुगवून सांगण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त निघालं. म्हणून माझ्या चिठ्ठ्यांवर क्रियापदं जास्त असतात. ‘हातचा विसरला होतास, स्वतःच शोधलास आणि पुन्हा मांडलंस.’ ‘आज तीनदा हात वर केलास.’ (हे एका अशा मुलाला, जो वर्षभरात बोलला नव्हता.)

दुसरा दोष विसरण्याचा. छत्तीस मुलांच्या वर्गात रोज दोन चिठ्ठ्या म्हणजे अठरा दिवसांत सगळ्यांची एक फेरी होते. पण नोंद ठेवली नाही तर ठरावीक दहा जणांना दोनदा मिळते आणि मधल्या रांगेतल्या शांत मुलांपर्यंत पोचतच नाही. त्यासाठी हजेरीपत्रकाच्या मागच्या पानावर मी खुणा करतो. म्हणजे तक्ता माझ्याकडेही आहेच! फरक इतकाच की तो मुलांना दिसत नाही. त्यातली गैरसोय अशी, की महिना संपत आला तरी ज्याला मिळालेली नाही त्याच्यावर मुद्दाम नजर ठेवावी लागते. एका मुलाच्या बाबतीत मला तीन दिवस काही सापडेना. चौथ्या दिवशी तो कुणी न सांगता सांडलेलं पाणी पुसताना दिसला. मी इतका सुटलो की चिठ्ठी जरा जास्तच लांबली.

तिसरा दोष पालकांच्या बाजूचा. आकडा नसला की काहींना चुकल्यासारखं होतं. ‘‘बाकीच्यांच्या मानाने आमचा कुठे आहे?’’ याचं उत्तर चिठ्ठी देत नाही. तक्ता देतो, आणि बहुधा चुकीचं देतो.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. सगळ्या वर्गाची मिळून एक बरणी, वर्गानं काही चांगलं केलं की तीत एक मणी टाकायचा, ही पद्धत चांगली आहे, विशेषतः रांग, शांतता, आवराआवर अशा सामाईक गोष्टींसाठी. वर्गाचे गट पाडून वागणुकीचा खेळ खेळायची कल्पनाही जुनीच. 1969 साली चौथीच्या एका वर्गावर केलेला तसा प्रयोग प्रसिद्ध झालेला आहे. फक्त एक पथ्य पाळा, टाकलेला मणी कधीही काढू नका. मी एकदा काढला, आणि ज्याच्यामुळे काढला त्याच्याकडे पस्तीस जण कसे बघत होते ते विसरता येत नाही. ‘आठवड्याचा विद्यार्थी’ माझ्याकडे टिकला नाही. प्रत्येकाला एकदा तरी मिळायला हवं, त्यामुळे शेवटी पाळी लावावी लागते, आणि ती पाळीच आहे हे मुलांना दुसऱ्याच महिन्यात कळतं. मोबाइलवर गुण देणारी ॲप म्हणजे न गळणारा तक्ता. गुण घरपोच जातात आणि मुलाला वर्गात काय घडलं याचा जाब संध्याकाळी घरीही द्यावा लागतो. माझा फोन मी वर्गात खिशातच ठेवतो, तेव्हा यावर फार बोलत नाही.

तर निवडायचं काय? वर्ग नवा असेल, गोंधळ आवरत नसेल, मुलं पहिलीतली असतील, तर दोन-तीन आठवड्यांपुरता, एकाच सवयीसाठी तक्ता लावायला हरकत नाही. तो कधी उतरणार हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. वर्गात साठ मुलं असतील तर रोज दोन चिठ्ठ्यांत फेरीला सहा आठवडे लागतील, तिथे कदाचित बरणी आणि चिठ्ठी असं मिसळून चालवावं लागेल. बाकी दुसरीपासून पुढे, वर्ग थोडाफार हाताला लागलेला असेल, तर मी चिठ्ठीकडे झुकेन. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. शेजारच्या वर्गातल्या बाई वीस वर्षं तक्ता लावतात आणि त्यांची मुलं त्यांच्यावर जीव टाकतात.

आणि तक्ताच लावायचा ठरलं, तर तारे चिकटवू नका. पेनाने काढा. फळा पुसण्याला देऊ नका, आणि गोष्टीच्या वेळेत कुणी हिशेब काढला तर सरळ उद्यावर ढकला.