हेवी डिपॉझिटवर घर घेताय? आमचे सहा लाख कसे गेले ते आधी वाचा

परवा आमच्या लॅबमध्ये नवीन आलेली मुलगी जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "ताई, कल्याणला घर मिळतंय. भाडं काही नाही, साडेचार लाख डिपॉझिट. मालक दुबईला असतो, सगळं एजंटच बघतो." माझ्या हातातला घास हातातच राहिला. आमच्याशी हेच शब्द बोलले गेले होते, जवळपास याच क्रमाने. झाल्या गोष्टीची घरातसुद्धा फार चर्चा आम्ही करत नाही, पण आता लिहायलाच हवं असं वाटलं.

आम्ही लातूरचे. मला ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियनची नोकरी लागली आणि मिस्टरांना भिवंडीच्या एका गोदामात काम मिळालं. मुलगी पाचवीत. मुंबईला चाललो असं गावात सगळ्यांना सांगितलं होतं, पण इथे आल्यावर कळलं की आपण ज्याला मुंबई म्हणतो त्यात नऊ महानगरपालिका आहेत. ठाण्यात भाडं परवडेना, म्हणून मध्य रेल्वेच्या रुळांवरून मागे मागे सरकत गेलो. कळवा, डोंबिवली, कल्याण. कल्याणनंतर गाड्या दोन दिशांना फुटतात, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. नवख्या माणसाला शहाड कुठल्या फाट्यावर आणि विठ्ठलवाडी कुठल्या, हेही कळत नाही. अशा वेळी जो हाताला धरून घर दाखवतो, तोच आपल्याला देवासारखा वाटतो.

हेवी डिपॉझिट म्हणजे काय, हे बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसतं. एकरकमी मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची, दर महिन्याचं भाडं द्यायचं नाही, आणि घर सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची. व्यवहार म्हणून त्यात खोट नाही, कितीतरी लोक असे राहतात. आमच्यासारख्यांना तो बरोबर बसतो, कारण गावाकडचं काहीतरी विकून एकदाच रक्कम उभी करता येते, पण पगारातून दर महिन्याला चौदा-पंधरा हजार भाडं काढणं जड जातं. सासऱ्यांनी गावातला प्लॉट विकला, त्याचे चार लाख आले. माझ्या पाटल्या आणि गंठण बँकेत ठेवून दोन लाख काढले.

एजंट उदगीरचा असल्याचं सांगायचा. आमच्यासारखंच बोलायचा. "वहिनी, आपल्या भागातली माणसं आहात, तुम्हाला वाईट घर देईन का?" स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर त्याचा गाळा होता. आत गणपतीचा फोटो, काचेचं टेबल आणि भिंतीवर लटकवलेल्या किल्ल्यांचे जुडगे. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा, हवेशीर, पाणी दोन वेळ. मालक परदेशात, म्हणून मालकाने दिलेलं त्याच्या वतीने व्यवहार करायचं अधिकारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी त्याने दाखवली. करार पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला. मिस्टरांनी विचारलं होतं, रजिस्टर का नाही? तो म्हणाला, "रजिस्टर केलं की मालकाला टॅक्सची भानगड होते, आणि ते इथे यायला पाहिजेत. नोटरी कोर्टात चालते, काळजी करू नका." पैसे मालकाच्या खात्यात नाही, एजंटच्या फर्मच्या खात्यात गेले. एका दिवसात सहा लाख.

त्याच दिवशी संध्याकाळी किल्ली हातात आली. आमचं सगळं गणित तिथेच चुकलं. घर ताब्यात आलं म्हणजे व्यवहार खरा, असं आम्ही धरून चाललो. फसवणूक म्हणजे पैसे घेऊन पळून जाणं, एवढंच आम्हाला माहीत होतं. पैसे घेऊन, घर देऊन, पाच महिने नीट राहू देऊन कोणी फसवतं हे डोक्यातही येत नाही.

खुणा होत्या. तळमजल्यावर सोसायटीच्या नावांच्या पाटीवर आमच्या फ्लॅटसमोर वेगळंच आडनाव होतं. महावितरणचं बिल दर महिन्याला त्याच आडनावाने यायचं आणि मी ते मोबाइलवरून भरायचे. विचारलं तेव्हा एजंट म्हणाला, जुन्या मालकाचं नाव आहे, बदलायचं राहिलंय. मी मान डोलावली. रोज शंभर नळ्यांवरची नावं आणि नंबर दोनदा जुळवल्याशिवाय पुढे न पाठवणारी मी, घरच्या लाइट बिलावरचं नाव करारातल्या नावाशी जुळत नाही हे बघूनही गप्प बसले.

सहाव्या महिन्यात एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात साठीपुढचे एक काका आणि काकू. काकांनी चपला बाहेर काढल्या आणि विचारलं, "आत येऊ का?" ते घर त्यांचं होतं. डोंबिवलीत मुलाकडे राहत होते, कुठल्याही परदेशात नव्हते. गेल्या दोन महिन्यांचं भाडं आलं नाही आणि एजंटचा फोन बंद, म्हणून ते चौकशीला आले होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ओट्यामागच्या टाइल्सकडे बघत होत्या. त्या त्यांनीच पसंत केल्या होत्या.

काकांनी पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. त्यात रजिस्टर केलेला लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर भाड्याने देण्याचा करार होता. अकरा महिने, दरमहा पंधरा हजार. शेवटच्या पानांवर दोघांचे फोटो आणि अंगठे. लायसन्सर, म्हणजे घर देणारा, म्हणून काका. लायसन्सी, म्हणजे घेणारा, म्हणून आमचा एजंट. मी तो फोटो किती वेळ बघत राहिले सांगता येत नाही. आम्ही ज्याला मालकाचा माणूस समजत होतो, तो कागदावर त्या घराचा भाडेकरू होता. आमच्या करारावर माझा अंगठा कुठेच लागला नव्हता, आणि त्या दिवसापर्यंत तो लागायला हवा होता हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

त्याचा धंदा असा होता: मालकाकडून महिन्याच्या भाड्याने घर घ्यायचं, खोटी पॉवर ऑफ अॅटर्नी बनवायची, आमच्यासारख्याला हेवी डिपॉझिटवर द्यायचं. सहा लाखांतून मालकाला चार महिन्यांचे साठ हजार दिले की मालकही शांत, आम्हीही शांत. तेवढ्या वेळात अशी आणखी घरं करायची, आणि एक दिवस गाळा बंद. पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा बाकावर आमच्यासारखेच करार घेऊन आणखी सहा कुटुंबं बसली होती. दोन कुटुंबांना तर त्याने एकाच फ्लॅटचे करार दिले होते.

सुरुवातीला तिथे आम्हाला सांगण्यात आलं की हा पैशाचा दिवाणी मामला आहे, वकील बघा. आम्ही सातही जणांनी मिळून लेखी अर्ज दिला, पोचेवर शिक्का घेतला, काकांनी त्यांचा रजिस्टर करार जोडला. मग गुन्हा दाखल झाला, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, फसवणुकीचा. एकेकटे गेलो असतो तर कदाचित अजून फेऱ्याच मारत असतो. १९३० या सायबर हेल्पलाइनवरही फोन केला, पण ती पैसे गेल्या गेल्या कळवलं तर कामाची. आमचे पैसे जाऊन सहा महिने झाले होते, खातं रिकामं होतं.

आता कायद्याचं, कारण यात लोकांचा फार गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. "नोटरी चालते" हे एजंटांचं वाक्य आहे, कायद्याचं नाही. खर्चाचं म्हणाल तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर. आमच्या सहा लाखांच्या डिपॉझिटला अकरा महिन्यांसाठी ते दोनशे रुपयांच्या आतच बसलं असतं. शहरात नोंदणी फी हजार रुपये. बायोमेट्रिकचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, त्याचे थोडे वेगळे. एवढ्यासाठी आम्ही सहा लाख उघड्यावर ठेवले.

नोंदणीला मालकाचा आधार आणि अंगठा लागतो, म्हणून खोटा मालक तिथे अडकतो. घर कोणाच्या नावावर आहे ते इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्यावर दिसतं, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्त शोधता येतो. लाइट बिल, महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं म्हणणं, तिन्हीकडे एकच नाव यायला हवं. आम्ही सेक्रेटरींना भेटलोच नव्हतो. भेटलो असतो तर ते काकांना नावाने ओळखत होते. आणि पैसे त्याच नावाच्या खात्यात, दुसऱ्या कोणाच्याही नाही, मग एजंट कितीही आपल्या गावचा असो.

काका-काकूंबद्दल लिहिलं नाही तर चुकेल. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं नाही. मुलीची परीक्षा होईपर्यंत तीन महिने राहू दिलं, भाडं बारा हजार घेतलं. आता आम्ही बदलापूरला आहोत, रजिस्टर करारावर. गुन्ह्याचा तपास सुरू आहे, एक रुपयाही परत आलेला नाही. पाटल्या अजून बँकेतच आहेत.

लॅबमधल्या त्या नवीन मुलीला मी त्याच दुपारी एजंटला फोन लावायला सांगितला. लाइट बिलाचा फोटो पाठवा आणि मालकाशी व्हिडिओ कॉल लावून द्या, असं तिने विचारलं. तो आधी हसला, मग म्हणाला तुमच्यासारखी शंभर गिऱ्हाइकं लाइनमध्ये आहेत. संध्याकाळपासून त्याने फोन उचलणं बंद केलं. तिचे टोकनचे दहा हजार गेले. साडेचार लाख तिच्याच खात्यात आहेत.