किल्ट आणि स्कर्टवर पुरुषांनी वर काय घालावं: गोव्याच्या हवेत आठ महिने वापरून

किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा, मागे चुण्या असलेला, गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट. फेब्रुवारी ते सप्टेंबर, म्हणजे पणजीचा उन्हाळा आणि पुरा पावसाळा धरून हा अनुभव आहे. खाली तीन कपडे आलटूनपालटून वापरात होते: पाच वारी पॉलिव्हिस्कोसचा (पॉलिस्टर-व्हिस्कोस मिश्रणाचा) चौकड्यांचा किल्ट, खिसेवाला जाड सुती किल्ट आणि घोट्यापर्यंतचा इलॅस्टिकचा सुती स्कर्ट. वर बुशशर्ट, इन करायचे शर्ट, टी-शर्ट, आखूड कुर्ता आणि वेस्टकोट. रंग, कॉलर, बाह्या यांचा विचार नंतर करायचा. आधी लांबी. ती चुकली की महागातलं महाग कापडही अंगावर उसनं वाटतं.

आपली पँट बेंबीच्या दोन-तीन इंच खाली बसते आणि बाजारातला प्रत्येक तयार शर्ट तेवढं धरूनच बेतलेला असतो. किल्ट बेंबीवर किंवा तिच्याही इंचभर वर बांधतात. साडेपाच फुटांच्या आसपास उंचीच्या माणसाचा किल्ट कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत साधारण 23-24 इंच भरतो. 40 नंबरचा 29 इंची शर्ट वरून मोकळा सोडला तर त्यातले नऊ-दहा इंच झाकले जातात. उरतो चौदा इंचांचा तुकडा, आणि पाय तोकडे दिसू लागतात. लुंगीवर हाच शर्ट बरा दिसतो, कारण लुंगी पायापर्यंत सरळ पडते. किल्टला मागे चुण्यांचा फुगवटा असतो. लांब शर्ट त्याच्यावर चढून बसतो आणि पाठीमागे छज्जा तयार होतो.

म्हणून माप असं घ्या. किल्ट नेहमीच्या जागी बांधून, गळ्यालगतच्या खांद्यापासून किल्टच्या पट्टीच्या वरच्या काठापर्यंत टेप धरा. त्यात पुढे 5 इंच मिळवा, मागे 6. किल्टवर बांधायचा चामड्याचा पट्टा सव्वादोन इंच रुंद असतो, हात वर केले की शर्ट दोनेक इंच उचलला जातो, आणि स्कूटरवर पुढे वाकलं की पाठ उघडी पडते. मागचा जादा इंच त्या स्कूटरसाठी, गोव्यात तो सोडून चालत नाही. तळ सरळ ठेवा, गोलाईचा नको, आणि दोन्ही बाजूंना अडीच इंचांचा कट द्या, म्हणजे चुण्यांवर शर्ट अडकत नाही.

तयार शर्ट शिंप्याकडे आखूड करून घेता येतो, पण दोन गोष्टी आधी बघा. पाच-सहा इंच कापले की खालची दोन बटणं जातात. उरलेलं शेवटचं बटण नव्या काठापासून तीन इंचांहून वर राहिलं तर पोटावर फट पडते. आणि छातीचा खिसा आखूड शर्टात फार खाली आल्यासारखा दिसतो. तो उसवला तर गडद कापडावर सुईच्या भोकांची रांग राहते, ती धुऊनही जात नाही. त्यापेक्षा शिवूनच घेणं बरं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुती कापड भरपूर मिळतं. 36 इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला पुरतं. शिंप्याला एकच गोष्ट ठासून सांगा: मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, वर घे. मुंढा खाली असला की हात उचलताना अख्खा शर्ट वर येतो. वर असला की बाही तेवढी हलते, शर्ट जागचा ढळत नाही.

इन करायचं असेल तर हिशेब उलटा. पँटीत शर्टाचं टोक बैठकीच्या शिवणीत अडकून राहतं. किल्टला ती शिवणच नाही. टोक आत मोकळं लोंबतं आणि तासाभरात कमरेवर गोळा होऊन वर येतं. कमरेखाली किमान सात-आठ इंच शेपूट हवं आणि कापड थोडं खरखरीत हवं. रेयॉन घसरतो, पॉपलिन आणि खादी धरून राहते. कंबरपट्टीच्या आतून रबरी ग्रिपची पट्टी शिवून घेतली की प्रश्न बराचसा सुटतो. शर्टाचं शेवटचं बटण मात्र नेमकं बकलाखाली येऊ देऊ नका. बसल्यावर ते पोटात रुततं आणि एक दिवस तडकतं.

स्वस्त किल्टमध्ये आणखी एक अडचण आहे. चांगल्या आठ वारी लोकरी किल्टात, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी, कारागीर चुण्यांमधलं जादा कापड कमरेजवळ कापून काढतो. स्वस्तात ते तसंच ठेवतात. मग कंबर आधीच जाड, वर शर्टाचा थर, वर चामड्याचा पट्टा. एप्रिल-मेमध्ये तिथे हमखास घामोळं येतं. असा किल्ट असेल तर उन्हाळ्यात इन करण्याचा आग्रह सोडा.

टी-शर्टानं सगळ्यात जास्त निराशा केली. किल्टला उजव्या कुशीवर दोन आणि डाव्या कुशीवर एक चामडी पट्टी बकलासकट असते. मोकळा टी-शर्ट त्यांच्यावर घासतो. दोन महिन्यांत उजव्या कुशीवर तळहाताएवढ्या जागेत कापडाचे गोळे येतात, एखादा धागा ओढला जाऊन बारीक रेघ पडते. डावीकडे तेच, पण कमी. शर्टाच्या, मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेल्या कापडाला हा त्रास जवळजवळ नाही. टी-शर्टच घालायचा तर तो इन करूनच.

बकल साधं लोखंडी असेल तर खाऱ्या हवेत ते गंजतं, आणि घामेजल्या पांढऱ्या शर्टावर त्याचा तपकिरी चौकोन उठतो. बिंबलीचं आंबट फळ मधोमध चिरून डागावर चोळा, अर्धा तास ठेवा, धुवा; जुन्या डागाला दोनतीनदा करावं लागतं. तिच्यातल्या आम्लानं गंज सुटतो. रंगीत कापडावर मात्र नको, रंगही सुटेल. बकल पितळी किंवा स्टेनलेस घेतलं तर हा खटाटोपच नको.

कापडांत पावसाळ्यात जिंकलं ते चुरगळ्या पोताचं सुती सीअरसकर. ते अंगाला चिकटत नाही, इस्त्री लागत नाही, घरात पंख्याखाली रात्रीत वाळतं. जाड टी-शर्ट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दमट राहतो आणि वास धरतो. लिनन उन्हाळ्यात सुखाचं, पण इन केलेला भाग चुरगळतो आणि तो नंतर बाहेर काढता येत नाही. मलमल पारदर्शक पडते.

चौकड्यांच्या किल्टवर एकरंगी शर्ट घाला. रंग मोठ्या पट्ट्यातला नव्हे, बारीक रेघेतला उचला. हिरव्या-निळ्या किल्टमधली पिवळी रेघ असेल तर फिकट पिवळा शर्ट फार सुरेख दिसतो. गोव्यातल्या पारंपरिक कुणबी विणीच्या तांबड्या-पांढऱ्या चौकडीचा शर्ट खाकी किंवा काळ्या सुती किल्टवर घालावा. या आठ महिन्यांतली मनापासून आवडलेली जोडी तीच, आणि ती इथल्या मातीतली आहे म्हणून जास्तच. टार्टनवर, म्हणजे चौकड्यांच्या किल्टवर, मात्र तो नको, दोन चौकड्या भांडतात. पहिले तीन-चार वेळा तो गार पाण्यात वेगळा धुवा.

लांब स्कर्टाला हे नियम सैल आहेत. खाली 38-40 इंच कापड असल्यामुळे कुल्ल्यापर्यंतचा कुर्ता चालतो. इलॅस्टिकमध्ये शर्ट टिकत नाही, तेव्हा इन करायच्या भानगडीत पडू नका.

लग्नासमारंभाला नेहमीचा ब्लेझर नको, तो चुण्या झाकतो. तो आखूड करायला गेलात तर दीड-दोन इंचांतच खालचे खिसे काठाला येऊन टेकतात. किल्टसाठी बेतलेली जाकिटं मुळातच आखूड असतात. इथल्या उकाड्यात वेस्टकोट पुरेसा आहे. पुढची टोकं कंबरपट्टी झाकतील इतकी लांबी ठेवा, त्याच्याखाली पट्टा बांधू नका, आणि पाठीला अस्तराचं चकचकीत सॅटिन न लावता पुढचंच कापड लावायला सांगा. वर कोट नसला की पाठच सगळ्यांना दिसते.