टाइपरायटरचे नवे रबरी पाय: सात महिन्यांनंतर तक्रार एका वॉशरची

सात महिन्यांपूर्वी माझ्या 1960 च्या दशकातल्या पोर्टेबल टाइपरायटरचे चारही रबरी पाय बदलले, तेव्हा त्यावर काही लिहावे असे वाटले नव्हते. गेल्या आठवड्यात मात्र टाइप करताना यंत्र दुसऱ्यांदा डगमगू लागले, आणि उलटे करून पाहतो तो स्क्रूचे डोके रबरात पार बुडालेले होते.

जुने पाय बदलणे भागच होते. हवेतल्या ऑक्सिजन आणि ओझोनमुळे रबर वर्षानुवर्षे कडक होत जाते. माझे पाय तर इतके टणक झाले होते की नखाची खूणही उमटत नव्हती. ओळ संपली की लिव्हरने कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, उजवीकडे ढकलावी आणि तिच्यामागोमाग सगळे यंत्रच उजवीकडे निघावे, असा प्रकार होता. जाड फेल्टचा तुकडा खाली घालून मी दोन वर्षे निभावून नेली, कारण फेल्ट घरात होते आणि पाय विकत घ्यावे लागणार होते.

बसवण्याचे काम सोपे. कॅरेज मध्यावर आणून तिचे कुलूप लावावे आणि यंत्र टॉवेलवर पाठीकडून आडवे करावे. गंजलेल्या स्क्रूंना मी रात्रभर तेल मुरू दिले. नव्या पायांवर यंत्र जागचे हलेना आणि टेबलातून घुमणारा ठोक्यांचा आवाजही बराच खाली आला. त्या दिवशी मी या पायांना पूर्ण गुण दिले असते.

पाचव्या महिन्यात पहिला पाय सुटला. जुन्या पायांत स्क्रूच्या डोक्याखाली लोखंडी वॉशर होते. नव्या संचात ते नव्हतेच, आणि जुने मी टणक रबरासकट कचऱ्यात टाकले होते. मऊ रबरावर स्क्रू नुसता आवळला की डोके आत रुतते, पाय बाजूने फुगतो आणि त्याची उंची घटते. ढिला ठेवला तर पाय हलतो. वॉशर दाब पसरवतो, एवढेच त्याचे काम, पण त्याच्यावाचून बाकी सगळे व्यर्थ आहे. विक्रेत्याला विचारले, तर ‘वॉशर हा पायाचा भाग नाही’ असे उत्तर आले. हे उत्तर मला अजून पचलेले नाही. चपलेचा अंगठा हा चपलेचा भाग नाही असे कोणी म्हणत नाही.

तेव्हा मी सुटलेल्या पायालाच वॉशर लावला, बाकीचे तीन ठीक आहेत म्हणून तसेच ठेवले. दुसऱ्या पायाने गेल्या आठवड्यात त्या काटकसरीचा हिशेब चुकता केला. त्यामुळे मत बदलले आहे: रबर उत्तम, संच अपुरा.

आणखी दोन गोष्टी. उंची मोजताना सर्वांत कमी झिजलेला पाय मोजावा. मी झिजलेलाच मोजला, झीज भरून काढायला अंदाजाने उंची वाढवली, त्यामुळे बरेच उंच पाय मागवले गेले आणि टाइपरायटरच्या पेटीचे झाकण आता जोर दिल्याशिवाय बसत नाही. शिवाय मऊ रबराने टेबलाच्या पॉलिशवर चार गोल डाग सोडले, म्हणून फेल्टचा तुकडा पुन्हा खाली आला आहे. चारही वॉशर जुन्या स्क्रूंच्या डब्यातले आहेत. चौथा किंचित मोठा असल्याने पायाच्या कडेबाहेर डोकावतो, पण घट्ट बसला आहे.