ऑटिझम आणि एम्पथीच्या ऑनलाईन टेस्ट: मी सहा टेस्ट दिल्या, त्याचा अनुभव

आधी सांगते, मी डॉक्टर नाही. बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे, दिवसभर हातात मायक्रोमीटर नाहीतर बोअर गेज. वय 33. या टेस्टकडे वळले ते भाच्यामुळं. अक्काचा मुलगा पाच वर्षांचा, त्याला धारवाडला डिमहान्स या मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं तेव्हा मी सोबत होते. तिथं त्याचा आयएसएए नावाचा फॉर्म भरला, आपल्या भारतातलाच आहे तो, 40 मुद्दे आणि प्रत्येकाला 1 ते 5 मार्क, बेरीज 70 किंवा वर गेली की ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, धरतात. नजरेला नजर देतो का, आवाजाचा त्रास होतो का, रोजच्या क्रमात बदल झाला तर अस्वस्थ होतो का असं अक्काला विचारत होते आणि मी मागच्या खुर्चीत बसून मनातल्या मनात स्वतःची उत्तरं देत होते. परत येताना बसमध्ये कित्तूरपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. अक्का म्हणाली, "काय गे, काय विचार करालीस?" मी काहीच सांगितलं नाही, रात्री घरी येऊन मोबाईल काढला.

पहिली दिली ती एक्यू, म्हणजे ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या टीमनं 2001 साली काढलेली. 50 वाक्यं, प्रत्येकापुढं चार पर्याय, पूर्ण पटतं, थोडं पटतं, थोडं पटत नाही, अजिबात पटत नाही. मी "पूर्ण" का "थोडं" यावरच प्रत्येक वाक्याला पाच-पाच मिनिटं घालवली, आणि नंतर कळलं की या टेस्टमध्ये दोन्हीला एकच मार्क आहे! तुम्ही देणार असाल तर तिथं वेळ घालवू नका, फक्त कुठल्या बाजूला आहात ते ठरवा. 50 पैकी 32 किंवा जास्त आले तर पुढं तपासून घ्यायला हरकत नाही असं धरतात. मूळ अभ्यासात ऑटिझमचं निदान झालेल्या मोठ्या माणसांपैकी साधारण 80 टक्के लोकांना 32 किंवा जास्त होते आणि बाकीच्या लोकांची सरासरी 16 च्या आसपास. मला 34 आले.

त्यात एक वाक्य आहे, गाड्यांचे नंबर किंवा तसले आकडे तुमच्या लक्षात येतात का. ते वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले. कारण मी कामावर जाताना रोज तेच करते. केए 22 आपली, केए 23 चिकोडी, केए 49 गोकाक, एमएच 09 कोल्हापूर, एमएच 07 सिंधुदुर्ग, आणि तिसऱ्या रेल्वे गेटला गाडी थांबली की पुढच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीज केल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. सगळेच करत असतील असं वाटायचं.

एक्यूची छोटी आवृत्ती पण आहे, एक्यू-10, दहाच प्रश्न, सहा किंवा वर आले की पुढं दाखवा म्हणतात. घाई असेल तर ही द्या, दोन मिनिटांत होते. मला मात्र लांबचीच जास्त उपयोगी पडली, कारण तिचे पाच भाग पाडता येतात आणि माझे मार्क कुठून आले ते दिसलं. बारकाव्याकडं लक्ष आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाणं, या दोन्हीत दहापैकी नऊ-नऊ. कल्पनाशक्तीत तीनच, म्हणजे तिथं मी चारचौघींसारखीच आहे.

आता एम्पथीची, म्हणजे दुसऱ्याचं मन जाणण्याची टेस्ट, ईक्यू (एम्पथी कोशंट), ज्यासाठी मुळात हे लिहायला बसले. ही पण त्याच टीमची, 2004 ची. 60 वाक्यं, पण मार्क 40 लाच, बाकीची 20 मध्ये भरीला घातलेली आहेत. बहुतेक रात्री स्वप्नं पडतात का, हा प्रश्न त्या भरीतलाच. इथं मात्र "पूर्ण" आणि "थोडं" यात फरक आहे, पूर्णला 2 आणि थोडंला 1, म्हणून इथं नीट विचार करून टिक करा. एकूण 80, आणि 30 किंवा खाली आलं तर कमी धरतात. मला 22 आले.

तो 22 चा आकडा मला आठ दिवस टोचत होता, खोटं कशाला सांगू. ही टेस्ट बरंच काही विचारते ते हे, की समोरच्याला मध्ये बोलायचंय हे तुम्हाला कळतं का, कुणी एक बोलून दुसरंच सुचवत असेल तर ओळखता का, घोळक्यात कसं वागायचं ते सहज जमतं का. नाही जमत मला. पण कुणाचं दुःख बघून तुम्हाला त्रास होतो का, हे पण त्यातच आहे, आणि दोन्हीची बेरीज एकाच आकड्यात. माणसाचं मन ओळखता येणं वेगळं आणि त्याच्यासाठी जीव तुटणं वेगळं, या दोन गोष्टी एका डब्यात घालून ढवळल्या तर माझ्यासारखीच्या हातात जो आकडा येतो त्याचा अर्थ "हिला कुणाचं काही पडलेलं नाही" असाच लागतो. आणि तो चूक आहे.

शॉपमधल्या एका मैत्रिणीची आई वारली तेव्हाची गोष्ट सांगते. वडगावात घर त्यांचं. सगळ्या बायका तिला धरून बसल्या होत्या, काही ना काही बोलत होत्या, मला एक शब्द सुचला नाही, तिच्याकडं बघता पण येईना. पण त्या दिवशी त्यांच्या गल्लीत पाण्याचा नंबर होता हे मला माहीत होतं, आधल्याच आठवड्यात ती बोलली होती, आणि पाणी चुकलं तर पुन्हा कितीतरी दिवस नाही. मी मागच्या दारानं गेले, बॅरल धुतलं, पाईप लावला, बॅरल, दोन टाक्या, कळश्या, सगळं भरून ठेवलं आणि कुणाला न सांगता घरी आले. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "पाणी तूच भरलंयस न्हवं? घरात एवढी माणसं, कुणाच्या ध्यानात नव्हतं गे." ईक्यूच्या साठ वाक्यांत याला मार्क देणारं एकही वाक्य मला सापडलं नाही.

नंतर वाचताना डेमियन मिल्टन यांचं काम सापडलं. ब्रिटनमधले संशोधक, स्वतः ऑटिस्टिक. 2012 साली त्यांनी मांडलं की न समजणं हे दोन्हीकडून असतं, ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही तसं इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही, दोष एकाच्याच माथी का मारायचा. ईक्यू देणार असाल तर हे आधी वाचा, माझ्यासारखे आठ दिवस घालवू नका.

डोळ्यांवरून मन ओळखायची टेस्ट पण दिली. 36 फोटो, प्रत्येकात फक्त डोळ्यांची पट्टी, खाली चार शब्द, त्यातला बरोबर निवडायचा. ही आपल्याकडच्या लोकांनी फार मनावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चेहरे सगळे गोऱ्या लोकांचे, आणि शब्द इतके अवघड इंग्लिश की मी अर्धा वेळ डिक्शनरीत होते, डोळे बघू का शब्द बघू.

राड्स-आर ही मोठ्या माणसांसाठीची ऑटिझमची आणखी एक टेस्ट, तिच्यात 80 वाक्यं आहेत आणि उत्तराची पद्धत मला फार आवडली: आत्ता पण आणि लहानपणी पण खरं, फक्त आत्ता खरं, फक्त 16 वर्षांच्या आधी खरं, कधीच नाही. लहानपण वेगळं विचारल्यामुळं कितीतरी गोष्टी आठवल्या. 65 किंवा वर ऑटिझमची शक्यता धरतात, मला 118. पण ही टेस्ट मुळात तज्ज्ञानं समोर बसून करून घ्यायची आहे, एकट्यानं रात्री बारा वाजता नाही, त्यामुळं त्या आकड्याला मी किती धरायचं ते डॉक्टरच सांगतील.

सगळ्यात जवळची वाटली ती कॅट-क्यू, 2018 ची, 25 वाक्यं. तुम्ही स्वतःला किती लपवता, किती अभिनय करून चारचौघांत वागता, हे विचारणारी. आपल्या बेळगावात दुकानात गेलं की पहिलं वाक्य मराठीत का कन्नडमध्ये हे लोकांना माणूस बघूनच कळतं, कसं कळतं देव जाणे. मला नाही कळत. म्हणून मी नियम केलेत: गणपत गल्लीत आधी बाजूला उभं राहायचं, माझ्या पुढचं गिऱ्हाईक काय बोलतं आणि दुकानदार कशात उत्तर देतो ते ऐकायचं, मग तसंच सुरू करायचं. हसायचं कधी, मान कधी हलवायची, याचे पण नियम आहेत. संध्याकाळी घरी आले की तासभर मला कुणाशी बोलवत नाही, आणि घरचे म्हणतात हिला काय झालंय. ही टेस्ट देताना पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझा दिवस बघितलाय.

एक सावधगिरी. एका साईटनं सगळे प्रश्न सोडवून घेतले आणि शेवटी निकाल बघायला पैसे मागितले. देऊ नका. एक्यू आणि ईक्यू केंब्रिजच्या ऑटिझम रिसर्च सेंटरच्या साईटवर फुकट मिळतात, मार्क कसे द्यायचे ते पण तिथंच आहे. मी दिल्या त्या सगळ्या इंग्लिशमध्ये, आणि "मला अमुक जमत नाही" या वाक्याला "पटत नाही" म्हणायचं म्हणजे काय, यात गोंधळ होतोच. म्हणून दुसऱ्या वेळी अक्काला बसवलं, ती एकेक वाक्य आपल्या मराठीत सांगायची, मी उत्तर द्यायची, ती मध्येच म्हणायची "न्हाई, तू असं करत न्हाईस, लग्नात आठव." एक्यू 34 चे 36 झाले, ईक्यू 22 चे 27. आकडा तेवढा हलतो हे लक्षात ठेवा. या टेस्टनं निदान होत नाही, ते प्रत्येक साईटवर लिहिलेलं असतं आणि खरंच आहे. त्रास जास्त होत असेल तर टेली-मानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारा, 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट.

मी पुढच्या महिन्यात धारवाडला माझी स्वतःची तारीख घेतलीये. नुसते आकडे न नेता प्रत्येक उत्तरापुढं एकेक प्रसंग लिहून वही केलीये. लहानपणच्या पानासाठी आईजवळ बसले. आई शेंगा फोडत होती, म्हणाली, "तू तुळशीकट्ट्यावर चिंचोके लावायचीस, बारक्यापास्नं मोठ्यापर्यंत. कुणी एक हलवला की दिवसभर जेवायची न्हाईस. म्या कुणाला हात लावू द्यायची न्हाई." हे तिनं मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. वहीत पहिल्या पानावर तेच लिहिलंय.